पेनितुसीच्या हाताची चव

आमच्या वायतुपू बेटावर फेकेई सगळ्याच घरांत होते. पुलाक्याचा, म्हणजे चिखलाच्या खड्ड्यात वाढणाऱ्या आमच्या अळूचा, कंद किसायचा, पानांत बांधून वाफवायचा, वरून नारळाचं घट्ट दूध आणि नीरेचा पाक घालायचा, झाली फेकेई. पण आसाऊ गावात तिलियाच्या फेकेईला नाव होतं. तिची पुडी उघडली की बोलणारी माणसं गप्प व्हायची. कुणाचं लग्न असो की चर्चचा मोठा दिवस असो, बायका आधी विचारायच्या, "तिलिया काय आणतेय?" आणि मग आपापलं ठरवायच्या. तिलिया वर वर म्हणायची, "काय बाई, नेहमीचंच." पण तिच्या टोपल्यातली पुडी पहिली कोण उचलतं, दुसरी कोण, हे ती मान खाली घालूनही बरोबर बघायची.

तिचा नवरा पेनितुसी जहाजावर होता. लग्न झालं तेव्हा साधा खलाशी होता, पुढे भटारखान्यात गेला आणि आचारी झाला. वर्ष-दीड वर्षातून दोन महिने घरी यायचा. यायचा तेव्हा पेटी भरून कापड, साबण, पोरांना बूट आणायचा. बूट नेहमी आखूड व्हायचे, कारण पोरं किती वाढली याचा अंदाज त्याला समुद्रावरून यायचा नाही. दोन महिने तिलिया त्याला चटईवर बसवून वाढायची. माशाचा मधला तुकडा त्याचा, फेकेईची पहिली पुडी त्याची. तो जेवत असताना ती शेजारी बसून विणलेल्या पंख्यानं माशा वारायची. तो म्हणायचा, "तिलिया, असलं जगात कुठे मिळत नाही." मग तो बोटीवर चढायचा, ती किनाऱ्यावर रडायची, आणि घरी येऊन चूल पेटवायची. बाकीच्या दिवसांत पुलाक्याचा खड्डाही तीच बघायची. ते खरं पुरुषांचं काम, पण घरातला पुरुष समुद्रावर असल्यावर गुडघाभर चिखलात उतरायला दुसरं कोण होतं? मुलगी एसेता आणि मुलगा तालाके हे त्या खड्ड्यावर आणि त्या चुलीवर मोठे झाले.

रांधायच्या खोपीत पेनितुसी कधी गेला नव्हता. सुट्टीवर आलेल्या माणसानं हात कशाला भाजून घ्यायचे, असं त्यालाही वाटायचं आणि तिलाही.

मग ते साथीचं वर्ष आलं. पेनितुसी नुकता घरी आला होता, आणि देशानं दारं लावून घेतली. विमान बंद, बोटी बंद. त्याचं जहाज त्याच्यावाचून निघून गेलं. आधी सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिन्यांची गोष्ट. त्यानं घराचं छप्पर शाकारलं, होडीला रंग दिला, जाळं दुरुस्त केलं. मग करायला काही उरलं नाही. सकाळी चटईवर बसायचा आणि समुद्राकडे बघत राहायचा. तिलिया त्याच्याभोवती झाडून घ्यायची. पाहुणा जास्त दिवस राहिला की घराला जसं होतं तसं तिला व्हायला लागलं होतं, पण हे ती कुणाला बोलली नाही.

एक दिवस चर्चच्या बायकांचं चटया विणायचं काम लांबलं. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या बेतात होती. तिलिया लगबगीनं परतली तर तिच्या खोपीतून धूर निघत होता. तिला वाटलं एसेतानं चूल पेटवली. आत डोकावली तर पेनितुसी. कमरेला जुनी लुंगी, खांद्यावर फडकं. आणि तिची सगळी खोप बदललेली. सुऱ्या एका ओळीत टांगलेल्या, पातेली लहान-मोठ्या क्रमानं खिळ्यांना अडकवलेली, नारळाच्या करवंट्या एका पोत्यात.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"तुला उशीर झाला म्हटलं, करून ठेवावं. बस, बस. दमली असशील."

"माझं मीठ कुठे आहे?"

"वरच्या फळीवर. इथे ओल लागते त्याला."

प्रार्थना झाली आणि सगळे जेवायला बसले. माशाचं सार केलं होतं, लिंबू पिळून आंबट केलेलं, आणि कांदा तांबूस परतून त्यावर तळलेले तुकडे. एसेताची सहा वर्षांची मुलगी नेली वाटी तोंडाला लावून सार प्यायली आणि पुन्हा वाटी पुढे केली. एसेता म्हणाली, "बाबा, हे कुठे शिकलास?" तो म्हणाला, "एक फिलिपिनो होता आमच्यात. त्याला ताप आला की हेच मागायचा."

तिलियानं एक घोट घेतला. सार चांगलं नसतं तर ती दोन शब्द कौतुकाचे बोलली असती आणि विषय संपला असता. पण ते चांगलं होतं. आंबटपणा जिभेवर यायचा आणि मागून माशाची गोडी यायची. तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मीठ जरा पुढे गेलंय."

नेली तिसरी वाटी प्यायली.

दुसऱ्या दिवशी पेनितुसीनं विचारलंही नाही, सरळ खोपीत गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं तेलाच्या जुन्या पिंपाची भट्टी केली. तालाके रोज सकाळी माडावर चढून नीरा काढायचा. ती आंबवून पेनितुसीनं पीठ फुगवलं आणि पाव भाजले. त्या वासानं शेजारच्या घरातली पोरं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मग त्याच्या डोक्यात आणखी एक आलं. जुन्या मोडक्या होडीच्या फळ्या काढून त्यानं नीरफणसाच्या झाडाखाली लांबलचक टेबल आणि दोन बाकं ठोकली.

"जहाजावर सगळे एकत्र जेवतात," तो म्हणाला. "कप्तान सोडून. आपल्याकडे कप्तान नाही."

"मी बसले तर वाढणार कोण?" तिलिया म्हणाली.

"पातेलं मध्ये ठेवू. ज्याला हवं तो घेईल."

"आणि माशा कोण वारणार?"

"झाकण ठेवू."

इतकी वर्षं सगळे जेवताना तिचा हात चालत असायचा. पंखा हलवता हलवता तिला कळायचं, एसेताचं पोट बिघडलंय, तालाके शाळेत मार खाऊन आलाय, कुणाला अजून भूक आहे. नंतर ती एकटी जेवायची, शांतपणे. आता तिला बाकावर बसवलं होतं, हात मांडीवर ठेवून, पाहुणीसारखं.

सगळ्यात जास्त खुपलं ते तालाकेचं. लग्न झाल्यापासून तो बायकोच्या माणसांत, शेजारच्या तुमासेऊ गावात राहायचा. नीरा काढायला तेवढा सकाळी यायचा आणि माडावरून उतरला की परस्पर जायचा. तिलिया दर रविवारी चर्चबाहेर त्याला सांगायची, संध्याकाळी ये, तुझ्यासाठी पुडी ठेवते. तो म्हणायचा, बघतो. कधी यायचा, कधी नाही. पाव सुरू झाल्यावर तो बायकोला घेऊन संध्याकाळी यायला लागला, आणि मग रोजच यायला लागला.

"लांब पडतं म्हणायचास ना?" एकदा तिनं विचारलं.

"कुठे लांब, आई? चालत आलं की आलं."

"आधी काय समुद्र होता मध्ये?"

तालाके हसला. त्याला वाटलं आई थट्टा करतेय.

तिलिया धाकट्या बहिणीकडे, सिएलाकडे गेली. सिएला नारळ खोवत बसली होती.

"तो माझ्या खोपीत शिरलाय," तिलिया म्हणाली.

"ऐकलं. वासही आला."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार? माझा नवरा ताडी पिऊन झोपतो. तुझा पाव भाजतो. आणि रडतेयस तू."

"मी रडत नाहीये."

"जळतेयस मग."

"कशाला जळू? आयतं मिळतंय."

"तेच म्हणतेय मी," सिएला म्हणाली आणि खोवलेलं खोबरं तोंडात टाकलं. "आयतं मिळतंय तर तोंड असं का झालंय, कच्चा पुलाका खाल्ल्यासारखं?"

तिलिया उठून आली. पण जळत होती हे खरं. आणि जळणारं माणूस जे करतं ते सगळं तिनं केलं. चुलीशी नारळाच्या ओल्या सोडणाची रास लावली, म्हणजे धूर त्याच्या डोळ्यांत जाईल. कांद्याची पिशवी चटयांच्या गुंडाळीत लपवली आणि दोन दिवसांनी स्वतःच काढून दिली, कारण नेली कांदा शोधत घरभर रडत फिरली. टेबलावर दोन घास खायची, पोट भरलं म्हणायची, आणि नंतर खोपीत जाऊन थंड नीरफणस खायची. मध्येच एखादे दिवशी हट्टानं फेकेई करायची. सगळे एकेक घास घ्यायचे, "छान झालीय, आई" म्हणायचे, आणि हात सारापाशी जायचे. उरलेली फेकेई सकाळी डुकरांना घालताना ती डुकरांशी बोलायची. डुकरं तेवढी मन लावून खायची.

पेनितुसीला हे दिसत नव्हतं असं नाही. एकदा त्यानं विचारलं, "तुला मी रांधलेलं आवडत नाही का?"

"आवडतं की."

"मग खात का नाहीस?"

"वय झालं. रात्री जड पडतं."

चर्चचा मोठा दिवस जवळ आला. बायकांची बैठक बसली, कुणी काय आणायचं ते ठरवायला. पाद्र्याच्या बायकोनं तिलियाकडे वळून विचारलं, "पेनितुसी काय करणार आहे?"

बैठकीतल्या बाकीच्या बायकाही तिच्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं हा प्रश्न तिच्याबद्दल विचारला जायचा. तिलिया म्हणाली, "त्यालाच विचारा," आणि चटईचा एक धागा ओढत राहिली. त्या दिवशी पेनितुसीचे पाव दोन टोपल्या भरून गेले आणि टोपल्या रिकाम्या परतल्या. तिच्या पुड्याही संपल्या, पण शेवटी संपल्या. तिनं बघितलं होतं.

पुढे राजधानीहून, फुनाफुतीहून, माल घेऊन येणारी बोट यायची बंद झाली. कुणी म्हणे इंजिन बिघडलं, कुणी म्हणे परदेशातूनच माल आला नाही. दुकानातलं पीठ संपलं, मग तेल, मग कांदा. तांदळाचं शेवटचं पोतं गावात वाटून घेतलं. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. तिलिया मात्र सकाळी खड्ड्याकडे जाताना गुणगुणत होती. आता काय करशील, बाबा, असं ती मनात म्हणत होती. आता कांदा कुठून परतशील? पुलाका माझा, आणि तो कसा शिजवायचा हे तुझ्या कुठल्या फिलिपिनोला ठाऊक नाही.

आठवडाभर तिनं रांधलं. सगळे मुकाट्यानं जेवले. पेनितुसी टेबलाच्या टोकाला बसून पुडी उलगडायचा, वास घ्यायचा, बोटांनी चेपून बघायचा. मग एके सकाळी तो खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला.

"मला फेकेई शिकव," तो म्हणाला.

तिलिया चिखलात होती. तिनं वर बघितलं नाही. "कशाला?"

"करून बघावीशी वाटते. आपल्या घरचं सगळ्यात चांगलं तेच, आणि मला ते येत नाही."

एवढं गोड बोललं की नाही म्हणता येत नाही. तिनं शिकवलं. कंद कसा निवडायचा, कसा किसायचा, पान आगीवर कसं मऊ करायचं, पुडी कुठे बांधायची. आच किती वेळ ठेवायची हेही सांगितलं. "बराच वेळ" असं सांगितलं. जुना कंद असेल तर त्याहून जास्त लागतो आणि वाफ मध्येच मोडली तर पुन्हा पहिल्यापासून धरायची, हे सांगितलं नाही. विसरली असं नाही. सांगितलं नाही.

शनिवारी पेनितुसीनं एकट्यानं फेकेई केली. कंद जुनाच होता, खड्ड्याच्या कडेचा. तिलिया अंगणात सावलीला पानं विणत बसली होती. तिथून खोप समोर दिसत होती. आधी धूर जाड निघाला, मग बारीक झाला, मग नुसती रेघ उरली. चूल मंदावली होती. पेनितुसी मागच्या बाजूला नारळाचं दूध पिळत होता. तो तिकडून आला, पातेल्यावरचं झाकण हातानं चाचपलं, गरम लागलं, आणि परत गेला. तिलियानं तोंड उघडलं असतं तर एक शब्द पुरला असता. तिच्या जिभेवर तो आलाही होता. तिनं विणकामाचा काठ दुमडला आणि पुढची ओळ घेतली.

संध्याकाळी सगळे टेबलाशी जमले. तालाके आणि त्याची बायको, एसेता, नेली. पेनितुसीनं पुड्या मध्ये ठेवल्या. दिसायला सुंदर होत्या. नारळाचं दूध पांढरं स्वच्छ, पाकाचा तांबूस रंग वरून ओघळलेला. तो म्हणाला, "गुरूनं आधी घ्यावं." तिलियानं एक पुडी पानावर घेतली आणि बोटांनी उलगडत बसली.

नेलीनं मोठा घास घेतला होता. दुसरा घेतला. मग तिनं घशाला हात लावला. "आई, टोचतंय." एसेतालाही टोचायला लागलं होतं. तालाकेची बायको उठून झाडामागे थुंकली. नेली रडायला लागली, तिचे ओठ सुजून जाड झाले, आणि ती जीभ बाहेर काढून हातांनी पुसायला लागली. अर्धवट शिजलेला पुलाका असाच घसा धरतो. धावपळ झाली. पाणी, लिंबू, नीरेचा पाक. पेनितुसी नेलीला मांडीवर घेऊन चमच्यानं पाक भरवत होता, त्याचा स्वतःचा आवाज बसला होता, आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझी चूक. मला कळायला हवं होतं."

तालाके खाकरत, हसत म्हणाला, "बाबा, जहाजावर हे वाढलं असतंस तर पोहत घरी यावं लागलं असतं."

पेनितुसीही हसला. मग सगळ्या पुड्या गोळा करून मागे नेल्या आणि खड्डा करून पुरल्या.

नेलीचं रडणं थांबलं तेव्हा ती तिलियाच्या कुशीत येऊन बसली. "आजी, तूच कर फेकेई," ती म्हणाली. "आजोबांना नाही येत."

हे ऐकायला तिलिया कित्येक महिने थांबली होती. आता ते पोरीच्या सुजलेल्या ओठांतून आलं, आणि तिला पोरीकडे बघवेना.

त्यानंतर पेनितुसी खोपीत गेला नाही. सकाळी होडी घेऊन निघायचा, मासे आणून दारात ठेवायचा आणि दुसऱ्या खलाशांबरोबर किनाऱ्यावर बसायचा. तिलियानं सुऱ्या पुन्हा कोपऱ्यातल्या डब्यात टाकल्या, मीठ खाली आणलं. खोप तिची झाली. ती रांधायची, पण खाणारं एकेक यायचं. एसेता नेलीला घेऊन लवकर जेवायची. पेनितुसी उशिरा यायचा आणि चटईवर बसून जेवायचा. ती पंखा हलवायची. तो "असलं जगात कुठे मिळत नाही" असं म्हणायचा नाही. तालाके आधी एक दिवसाआड आला, मग रविवारी, मग तेव्हाही नाही. टेबलावर पानं पडली, कोंबड्या बसायला लागल्या.

एके संध्याकाळी ती सिएलाच्या घरावरून चालली होती. आतून हसण्याचा गलका ऐकू आला. डोकावून बघितलं तर सिएलाच्या अंगणातही टेबल आलं होतं, पेनितुसीच्याच मापाचं, जरा वाकडं. ताडीबाज नवरा, तीन सुना, पोरं, सगळी माणसं कोंबून बसली होती. मध्ये नुसता उकडलेला नीरफणस आणि भाजलेला मासा होता. सिएला बाकावर मधोमध बसून बोटं चाटत होती.

"ये की," सिएलानं हाक मारली. "सरक रे, मावशीला जागा दे."

"नको. घरी जेवण व्हायचंय."

"टेबल बघितलंस का? तुझ्या नवऱ्याची नक्कल. याला म्हटलं, पाव नाही येत तर नाही, फळ्या तरी ठोक."

तिलिया पुढे चालली. पेनितुसीच्या सारावर ती जळली होती, पावावर जळली होती. पण सिएलाच्या त्या वाकड्या टेबलावर, नुसत्या उकडलेल्या नीरफणसावर ती जशी जळली तशी कशावर जळली नव्हती. कारण तसलंच तिच्या अंगणात होतं, आणि तिनं ते आपल्या हातानं मोडलं होतं.

दुसऱ्या सकाळी तिनं पेनितुसीला सांगितलं, "खड्ड्यावर चल. पालापाचोळा टाकायचाय. एकटीला होत नाही." तो आला. दोघं चिखलात उतरले. बराच वेळ काम चाललं.

"त्या दिवशी चूल मंदावली होती," ती म्हणाली. "मी बघत होते. बोलले नाही."

पेनितुसीनं पाल्याचा भारा बुंध्याशी दाबला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. तू घास घेतला नाहीस. पुडी उलगडून तशीच ठेवलीस." तो सरळ उभा राहिला. "मी आचारी आहे, तिलिया. जेवायला बसलेल्या प्रत्येकाच्या ताटाकडे माझं लक्ष असतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पोरांसमोर सांगू, तुमच्या आईनं मुद्दाम केलं म्हणून?" त्याचा आवाज चढला. चिखलात उभा राहून तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडत होता. "माझ्यावर राग होता ना? माझ्या ताटात माती टाकायची. नेलीचे ओठ बघितलेस? मला अजून राग आहे. जात नाही तो."

"एवढंच माझं होतं," तिलिया म्हणाली. "तुझ्याकडे जहाजं होती, देश होते. माझ्याकडे एक चूल होती. तू आलास आणि दोन दिवसांत सगळ्यांना घेऊन गेलास. तालाकेला मी हाका मारून मारून थकले. तुझ्या पावाच्या वासावर आला."

पेनितुसी काठावर बसला. चिखलाचे हात गुडघ्यांवर.

"एसेता मला चहा देते तेव्हा दोन हातांनी देते," तो म्हणाला. "पाद्र्याला देतात तसा. तुला एका हातानं देते, बोलता बोलता. तालाके मला काय सांगायचं ते ठरवून येतो. परक्या माणसांना मी रोज तीन वेळा जेवायला घातलं. कुणाला काय आवडतं ते मला पाठ आहे. माझ्या पोरांना काय आवडतं ते मला माहीत नव्हतं. मला दुसरं काय येतं? गप्पा मारता येत नाहीत. रांधता येतं."

"मला सांगायचंस."

"तू विचारलंस कधी? तू माझ्याकडे पाठ करून नीरफणस खात होतीस खोपीत. तेही मला माहीत आहे."

मग तो उतरला आणि उरलेला पाला टाकला. समेट असा काही झाला नाही. चार-पाच दिवस तो कामापुरतंच बोलला.

तिलियानं एसेतालाही सांगितलं, कारण नेली तिची पोर. एसेतानं आठवडाभर नेलीला आजीजवळ झोपू दिलं नाही. तिलियानं ते सोसलं. मग तिनं टेबल घासून धुतलं, कोंबड्या हाकलल्या, आणि स्वतः तुमासेऊला चालत गेली. तालाकेच्या सासूसमोर उभी राहून म्हणाली, "संध्याकाळी या. आम्ही दोघं मिळून करतोय."

"दोघं?" तालाकेनं विचारलं. "बाबानं सोडलं ना?"

"धरायला लावते."

त्या संध्याकाळी दोघं एका खोपीत शिरले. नऊ हातांची खोप त्यांना पुरेना. तो म्हणाला सुऱ्या टांगायच्या, ती म्हणाली डब्यात. तो म्हणाला सार झाकून उकळायचं, ती म्हणाली उघडं. फेकेईची आच तिनं सांभाळली, एकदाही उठली नाही. कांदा नव्हता, तर त्यानं कोवळ्या पपईवर काम भागवलं. नेली पुडीकडे संशयानं बघत राहिली. तेव्हा तिलियानं पहिला घास स्वतः घेतला, सगळ्यांदेखत, आणि चावून गिळला. मग नेलीनं घेतला.

पुढे बोट आली, पीठ आलं, कांदा आला. तिलियाची जळजळ गेली असं मात्र कुणी म्हणू नये. चर्चच्या पुढच्या मोठ्या दिवशी दोघांच्या टोपल्या शेजारी ठेवल्या होत्या. कुठली आधी रिकामी होते ते ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती, आणि तोही बघत होता. घरी येताना वाटेवर दोघांचं त्यावरून वाजलं. तो म्हणाला पाव आधी संपले. ती म्हणाली, पाद्र्याच्या पोरांनी खिशात भरले, ते खाल्ले असं धरायचं नसतं.

देशाची दारं पुन्हा उघडली तेव्हा जहाजाच्या कंपनीचा निरोप आला. वयामुळे हा शेवटचाच करार. पेनितुसी जाणार हे नक्की झालं तसा तो तालाकेला पाव आणि सार शिकवायला बसला, पण तालाकेला धीर नव्हता. तिलिया आपली दारात बसून पानं विणत होती आणि सगळं बघून ठेवत होती.

आता संध्याकाळी प्रार्थना झाली की तिलिया टेबलाच्या टोकाला बसते, पेनितुसीच्या जागी. वाढत नाही. पातेलं मध्ये असतं. पंखा कधी कधी सवयीनं हातात येतो, मग ती तो नेलीकडे देते. शनिवारी तिनं लिंबाचं सार केलं होतं.

"चांगलं झालंय, आई," तालाके म्हणाला. "पण बाबाचं जरा जास्त आंबट असायचं."

"मग जा जहाजावर," तिलिया म्हणाली. "वाटी इकडे दे आधी."

तालाकेनं वाटी परत दिली नाही, आणखी वाढायला पुढे केली. तिनं ती भरली.

रविवारी फोन लागला तेव्हा पेनितुसीनं विचारलं, काय केलं होतंस. तिनं सांगितलं.

"कुणी काय म्हणालं?"

"म्हणाले, बाबासारखं नाही झालं."

तो बराच वेळ हसत राहिला. तिला राग आला आणि तिनं तो लपवला नाही.

"हसू नकोस. पातेलं पुसून संपवलंय सगळ्यांनी."

"लिंबू कधी पिळलंस?"

"उकळी आल्यावर."

"चूक तिथेच आहे," पेनितुसी म्हणाला. "खाली उतरवून पिळायचं."

"हे तू तालाकेला सांगितलं नव्हतंस."

"नव्हतं सांगितलं," तो म्हणाला.

तिलियानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं," ती म्हणाली, "आता पुढचं सांग. मीठ कधी घालायचं?"